वर्कशॉपचा हिशेब गेटवरच लिहायचा असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत सहा कामगारांचं मशिनिंगचं वर्कशॉप. दोन वर्षांपूर्वी प्रोप्रायटरीची प्रायव्हेट लिमिटेड केली. निम्मं काम जॉबवर्कचं, म्हणजे ग्राहकाच्याच मालावर मजुरीने, निम्मं स्वतः कास्टिंग (ओतीव भाग) विकत घेऊन. बिलं महिन्याला पिशवीत भरून अकाउंटंटकडे जातात. मार्चअखेर अकाउंटंटने अकरा लाख नफा सांगितला आणि खात्यावर चाळीस हजार होते. आता विचारणा अशी की कोणते कागद ठेवावेत, किती वर्षं ठेवावेत, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि मागचा घोळ कसा निस्तरावा.

सॉफ्टवेअरचं उत्तर दोन ओळींत संपतं. कंपनी असल्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून तुम्हाला असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक नोंदीतला बदल तारखेसह राहतो आणि ती सोय बंद करता येत नाही. टॅली वापरत असाल तर एडिट लॉगची आवृत्ती आहे का ते बघून घ्या. पण तुमची खरी अडचण तिथे नाही. पिशवीत फक्त बिलं जातात, व्यवहार जात नाहीत. कास्टिंग किती नग उतरले, किती खराब निघाले, ग्राहकाने पैसे कापले ते कशापोटी, तुम्ही खात्यातून काढलेले वीस हजार कशाचे, हे बिलावर नसतं. अकाउंटंट महिन्याने ते पाहतो तेव्हा त्याला अंदाजच करावा लागतो. म्हणून माझं सगळं सांगणं एवढंच आहे की नोंद त्याच दिवशी, तो व्यवहार ज्याच्या डोळ्यांसमोर झाला त्याने करायची. पुढचं सगळं त्याचाच तपशील.

माल आत येतो तिथून सुरुवात करा. एक जाड रजिस्टर गेटजवळ किंवा स्टोअरच्या टेबलावर ठेवा, आवकेचं. माल उतरवून घेणाऱ्याने तारीख, गाडी नंबर, कुणाकडून, चलन किंवा बिल नंबर, नग, वजन आणि सही लिहायची. नग मोजून लिहायचे, चलनावरून उतरवून नाही. चलनावर १०० आणि प्रत्यक्षात ९८ असतील तर ९८ लिहायचे आणि गाडी उभी असतानाच चलनाच्या दोन्ही प्रतींवर ‘२ नग कमी’ लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची. गाडी गेल्यावर ते दोन नग कुणीच मान्य करत नाही.

त्या मालाचं बिल आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने तुमचा क्रमांक टाका, समजा ‘ख-१४७’. त्याखाली चार गोष्टींसाठी जागा ठेवा: आवक रजिस्टरचं पान, माल मोजणाऱ्याची सही, जीएसटीच्या २बी मध्ये (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) दिसल्याची टिक, आणि पैसे दिल्याची तारीख व बँकेचा संदर्भ क्रमांक. एवढा रबरी शिक्का करून घेतला तरी चालेल. या चार जागांपैकी रिकामी कोणती, हे बघून त्या बिलाचं काय राहिलंय ते कुणालाही कळतं. फाइल तारखेने लावू नका, या क्रमांकाने लावा. सॉफ्टवेअरमध्येही हाच क्रमांक घाला. मग ऑडिटर म्हणाला ‘हे बिल दाखवा’, तर शोधायला अर्धा मिनिट लागतो.

२बीची टिक इतकी महत्त्वाची का, ते नीट समजून घ्या. एक लाखाच्या कास्टिंगवर तुम्ही अठरा हजार कर भरता आणि तो पुढच्या करातून वजा मिळेल असं धरून चालता. पण पुरवठादाराने ते बिल स्वतःच्या विवरणात दाखवलं नाही, किंवा तुमचा जीएसटी नंबर चुकवला, तर ते २बीत येत नाही आणि अठरा हजार तुमच्या खिशातून जातात. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. त्या दिवशी लाल क्रमांकांची यादी त्याच्याशी ताडून बघा आणि न आलेल्या बिलांचे फोन त्याच आठवड्यात करा. आर्थिक वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंतच, हे क्रेडिट, म्हणजे करातली ही वजावट, घेता येतं. आणखी एक अट बरेच जण विसरतात. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा मिळतं, व्याज मात्र मिळत नाही.

जॉबवर्कचा माल तुमचा नाही, म्हणून त्याचं पान वेगळं. ग्राहकाच्या चलनागणिक एक पान काढा. वर त्याचा चलन नंबर, तारीख, भागाचं नाव, नग, वजन. खाली जसजसा माल परत जाईल तसतशी एक ओळ. एक चलन घ्या: १०० नग आले, नगाचं वजन ४.२ किलो. तीन फेऱ्यांत ९१ तयार गेले. ५ नगांत मशिनिंग करताना ब्लोहोल (ओतकामातल्या पोकळ्या) निघाले, ते ‘कास्टिंग रिजेक्शन’ म्हणून परत. २ तुमच्या हातून बिघडले, ते ‘मशिनिंग रिजेक्शन’. २ शिल्लक. बेरीज शंभर. हे पान बंद होत नाही तोवर ते चलन उघडं आहे असं समजायचं. दोन प्रकारचं रिजेक्शन एकाच रकान्यात टाकलं की वर्षाअखेरीस ग्राहक सातही नगांचे पैसे तुमच्याकडून कापतो, आणि पाच तुमचे नव्हते हे दाखवायला तुमच्याकडे काही नसतं.

चिप्सचंही, म्हणजे मशिनिंगमध्ये निघणाऱ्या धातूच्या किसाचंही, तसंच. तयार नग ३.४ किलोचा असेल तर दर नगामागे ०.८ किलो चिप्स पडतात, म्हणजे ९१ नगांमागे जवळपास ७३ किलो. ते कुणाचे, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. तुमचे ठरले असतील तर विक्री बिल करून, कर लावून, पैसे कंपनीच्या खात्यात. स्क्रॅपवाला टेम्पो लावून रोख देतो आणि ते पैसे चहापाणी, डिझेलमध्ये जातात, ही पद्धत मोडा. कच्चा माल आणि तयार माल यांच्या वजनांतून स्क्रॅप किती निघायला हवा हे कुणीही पाच मिनिटांत काढू शकतो आणि तपासणीत तेच काढतात.

तुम्ही स्वतः हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंगला माल पाठवता तेव्हा मूळ मालक तुम्ही असता. चलन तीन प्रतींत करा: मूळ माल घेणाऱ्याला, दुसरी गाडीबरोबर, तिसरी तुमच्याकडे. माल एका वर्षात परत यायला हवा. नाही आला तर पाठवलेल्या दिवशीच तो विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत नाही, पण ते कुणाकडे पडलेत याची यादी तरी ठेवा. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला आयटीसी-०४ (जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं विवरण) वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत असतं. चलनांची पानं लिहिलेली असतील तर ते एका दुपारचं काम आहे. माल बेळगावला, म्हणजे दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला गेला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा एक लाखाची आहे.

आता माल बाहेर जाण्याकडे. विक्री बिलाचा क्रमांक वर्षभर सलग हवा, सोळा अक्षरांच्या आत, आणि १ एप्रिलला नवी मालिका. रद्द झालेलं बिल फाडू नका, सगळ्या प्रती ‘रद्द’ लिहून फाइललाच लावा. मालिकेतला गायब नंबर हा रद्द नंबरापेक्षा कितीतरी जास्त प्रश्न उभे करतो.

पण बिलापेक्षाही मौल्यवान कागद म्हणजे ग्राहकाच्या गेटचा शिक्का आणि तारीख असलेली तुमच्या चलनाची पोहोच. हा कागद ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर राहतो, तेलाचा डाग पडतो, मग हरवतो. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर एमएसएमईच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. माल पोहोचल्यावर १५ दिवसांत त्याने लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. हा सगळा हक्क त्या एका शिक्क्यावर उभा आहे. म्हणून ड्रायव्हर परत आल्यावर आधी पोहोच द्यायची, मगच पुढची गाडी भरायची, असा नियम करा. संध्याकाळी मोबाइलने फोटो काढून त्या महिन्याच्या फोल्डरला टाका. उद्यम क्रमांक बिलावर छापा.

हीच तरतूद उलटही लागू होते. तुमचा फाउंड्रीवाला सूक्ष्म किंवा लघू उद्योग असेल आणि ३१ मार्चला त्याचं बिल मुदतीबाहेर गेलेलं असेल, तर आयकरात तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. तुमच्या करपात्र नफ्याचा आकडा फुगण्यामागे हेही असू शकतं. प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्राची प्रत एकदाच मागून फाइलला लावा. निव्वळ व्यापारी असेल तर ही तरतूद त्याला लागू नाही, म्हणून प्रमाणपत्रावर उत्पादक आहे की व्यापारी ते वाचा.

ग्राहक पैसे पाठवताना रिजेक्शनचे कापून पाठवतो आणि त्याची डेबिट नोट, म्हणजे कपातीचा कागद, तुम्हाला दोन महिन्यांनी मिळते. तुम्ही कर मात्र पूर्ण बिलावर भरलेला असतो. पैसे कमी आले की त्याच दिवशी कारण विचारा. कपात मान्य असेल तर तुम्ही तुमची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढून विवरणात दाखवा. तिलाही पुढच्या ३० नोव्हेंबरची मुदत आहे. त्यानंतर कापलेल्या रकमेवरचा कर तुमच्याच अंगावर राहतो. छोट्या वर्कशॉपचं सर्वात मोठं, आणि कुणाच्या लक्षात न येणारं नुकसान इथे होतं.

पैशांच्या बाबतीत सर्वात आधी एक सवय सोडावी लागेल. प्रोप्रायटरीत मालक घरखर्चाला पैसे उचलतो, ती उचल भांडवलातून वजा होते, विषय संपला. कंपनीत ‘उचल’ नावाचं खातंच नाही. खात्यातून तुमच्याकडे आलेला पैसा सहसा पगार असतो, तुम्ही कंपनीला दिलेल्या कर्जाची परतफेड असते, किंवा कंपनीने तुम्हाला दिलेलं कर्ज असतं. शेवटचा प्रकार टाळाच. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्यात बंधनं आहेत आणि आयकरात ते लाभांश धरून त्यावर कर लागू शकतो. संचालक मंडळाच्या ठरावाने महिन्याचा पगार ठरवा आणि ठरल्या तारखेला घ्या. उलट बाजूने, तुम्ही कंपनीत घरचे पैसे घातले तर ते उसने आणलेले नाहीत असं लेखी पत्र कंपनीला द्या आणि पैसे बँकेतूनच घाला.

स्क्रॅपवाल्याला किंवा किरकोळ गिऱ्हाइकाला स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर दाखवणंही बंद करा. कंपनीच्या चालू खात्याचा क्यूआर काढून भिंतीला लावा.

रोकड शक्य तितकी कमी. पेटीत पाच हजार ठेवा, संपले की व्हाउचर मोजून तेवढीच रक्कम बँकेतून पुन्हा भरा. म्हणजे कोणत्याही क्षणी पेटीतली रोख अधिक व्हाउचर बरोबर पाच हजार यायला हवेत. रोजमेळ संध्याकाळी त्याच दिवशी लिहायचा. रोजमेळ महिन्याने लिहिला की एखाद्या दिवशी रोख शिल्लक उणे दिसते, आणि नसलेले पैसे खर्च झाले कसे, याला उत्तर नसतं. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात मिळत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला मर्यादा पस्तीस हजारांची आहे. पेट्रोल पंपाच्या आणि वजनकाट्याच्या थर्मल पावत्या सहा महिन्यांत कोऱ्या होतात, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढा.

मग अकरा लाख गेले कुठे? विकलं की नफा होतो, पैसे आले की खातं भरतं. या दोन गोष्टींमध्ये तुमचे पैसे अडकतात. समजा वर्षभरात येणं सहा लाखांनी वाढलं, मशीनच्या कर्जाची मुद्दल सव्वातीन लाख फेडली आणि शिल्लक कास्टिंग दीड लाखाने जास्त राहिलं, तर अकरापैकी पावणेअकरा लाख तिथेच संपले. हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. घसारा (मशीनच्या झिजेचा खर्च) उलट बाजूने थोडा आधार देतो, कारण तो खर्चात लिहिला जातो पण पैसा बाहेर जात नाही. त्यातच कर बिलाच्या महिन्यावर भरायचा आणि पैसे दोन-अडीच महिन्यांनी यायचे. तुमचे नेमके आकडे दोन्ही वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून, कोणती ओळ किती वाढली ते बघितल्यावर निघतील. अकाउंटंटला हा कागद मागा, त्याला तासभर पुरतो.

एकदा हे कळलं की दर शनिवारी एका पानावर चार आकडे लिहा: बँकेतली शिल्लक, ४५ दिवसांवरचं येणं ग्राहकवार, पुढच्या पंधरा दिवसांतलं देणं, आणि बाजूला काढायचा कर. जीएसटीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवता आले तर उत्तम. टीडीएस, म्हणजे दुसऱ्याला पैसे देताना कापलेला आयकर, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत) भरायचा असतो. महिना-महिना विवरण भरत असाल तर विक्रीचं ११ तारखेला आणि कराचं २० तारखेला. तिमाही पद्धत निवडली असेल तर तारखा वेगळ्या, पण नोंदी रोजच्या रोजच लागतात.

कामगार सहाच असल्यामुळे ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि पीएफ अजून लागू नाहीत. ती दहा आणि वीस माणसांवर लागतात. हजेरीपट आणि पगारपत्रक मात्र आतापासूनच सहीसह ठेवा. साडेसात हजारांवर पगार असलेल्यांचा व्यवसाय कर कापावा लागतो. महिला कामगारांना ही मर्यादा पंचवीस हजारांची आहे.

किती वर्षं? जीएसटीत वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे २०२४-२५ चे कागद डिसेंबर २०३१ पर्यंत. कंपनी कायद्यात आठ आर्थिक वर्षं. दोन हिशेब करत बसू नका, आठ वर्षं धरा. एखादी तपासणी किंवा अपील चालू असेल तर ते संपेपर्यंत. मशीनची बिलं ते मशीन विकून होईपर्यंत. सभासदांची नोंदवही, इतिवृत्तं, स्थापनेचे कागद कायमचे.

आणि हे कागद कुठे ठेवता, हे सांगलीत विचारायलाच हवं. वर्कशॉप कुपवाडला उंचावर असलं तरी जुन्या फायली बऱ्याचदा शहरातल्या घरात, तळमजल्यावर, जिन्याखाली असतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि २०२१ ला पुन्हा पूर आला. फायली वरच्या मजल्यावर हलवा. विमा असेल तर सर्व्हेअर बुडालेला माल चिखलातून मोजत नाही. तो सुरुवातीची शिल्लक, त्यात खरेदी, त्यातून विकलेल्या मालाची किंमत वजा, असा हिशेब करतो. आवक रजिस्टर आणि महिनाअखेरची साठा यादी पुरातून वाचली तर दावा उभा राहतो. नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिटही परत करावं लागतं, म्हणून तो आकडा तसाही लागतोच. सॉफ्टवेअरचा बॅकअप रोज, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, कारण न उघडणारे बॅकअप वर्षानुवर्षं इमानदारीने घेतले जातात.

राहिला मागचा घोळ. मागून पुढे येऊ नका, त्यात पुढचे महिनेही बिघडतात. या महिन्याची शेवटची तारीख धरा. त्या संध्याकाळी मशीन बंद करून स्वतःचा आणि ग्राहकांचा माल वेगवेगळा मोजा, यादीवर मोजणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. पेटीतली रोख मोजा. बँकेचा उतारा काढा. दुसऱ्या दिवसापासून नवीन पद्धत. त्याच आठवड्यात प्रत्येक ग्राहकाला आणि पुरवठादाराला एक पत्र किंवा मेल: ‘आमच्या वहीप्रमाणे अमुक तारखेला आपल्याकडून येणे किंवा आपल्याला देणे इतके. फरक असल्यास आपला खाते उतारा पाठवावा.’ उतारे येतील तसे ते तुमच्या खात्याशी ओळ-ओळ ताडा. फरक बहुतेक वेळा चार ठिकाणी सापडतो: न लिहिलेली डेबिट नोट, दोनदा लिहिलेलं बिल, दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेले पैसे, आणि कापलेला टीडीएस. टीडीएस आयकराच्या पोर्टलवरच्या २६एएस उताऱ्यात दिसतो, तो आधी काढून ठेवा. सर्वात मोठ्या तीन ग्राहकांपासून सुरू करा. तुमच्या येण्यातला मोठा भाग त्यांच्याकडेच असेल. एकेक खातं जुळलं की त्यावर तारीख टाकून सही करा आणि त्या तारखेच्या आधीच्या नोंदींना पुन्हा हात लावू देऊ नका.